हरभऱ्याच्या वावरातली शीळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. निमित्तं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मुलींची लग्नं, मग बायकोचं दुखणं, आणि ते सगळं संपल्यावर 'आता या वयात कशाला' हे सगळ्यांत सोयीचं निमित्त हाताशी आलं. यंदा बोंडं फुटायला लागली तेव्हा मी ठरवलं, की कापसाची शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी व्हायच्या आत हे लिहून काढायचं. जसं घडलं तसं, माझी बाजू न सावरता.

राळेगावला माझ्या घरासमोरून सकाळी वेचणाऱ्या बायकांचे ऑटो जातात. दाटीवाटीने बसलेल्या बाया, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, ओटी बांधायचं जुनं लुगडं खांद्यावर. ऑटोच्या फटफटाटातूनही त्यांचं हसणं ऐकू येतं. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकून बसलेला असतो. दव पडलेलं असतं. तुरी फुलावर असतात. लोकांना हा हंगाम डोळ्यांनी आठवतो, पांढरा. मला तो कानांनी आठवतो. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी अखंड तडतड, आणि तिच्यातून वरून खाली घसरत आलेली एक बारीक शीळ.

ती शीळ माणसाची नव्हती, पाखराचीही नव्हती. ती कशाची होती हे आधी सांगितलं पाहिजे. ते कळलं नाही तर मी काय केलं तेही कळणार नाही.

वीज चमकते तेव्हा उजेड होतो, गडगडतं, आणि त्याच वेळी रेडिओच्या लहरीही निघतात. आपल्या कानांना त्या कळत नाहीत. पण तारेचं मोठं वेटोळं आणि आवाज वाढवणारी एक लहानशी पेटी असली, तर त्या हेडफोनमध्ये तडतडतात. त्यांतल्या काही लहरी जमिनीलगत न राहता वर निघून जातात. पृथ्वी हे एक मोठं लोहचुंबक आहे. तिच्या चुंबकत्वाच्या रेषा एका गोलार्धातून निघतात, कमानीसारख्या वर चढतात आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतात. इतक्या उंचीवर हवा आपल्या ओळखीची राहत नाही. सूर्याच्या किरणांनी अणू फुटून विद्युतभारित कणांचं विरळ धुकं झालेलं असतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. लहर त्या धुक्यातून चुंबकरेषेच्या कडेकडेने चालते आणि वाटेत तिचे सूर पांगतात. उंच सूर पुढे निघतात, खालचे मागे रेंगाळतात. विषुववृत्तापलीकडे समुद्रावर कुठेतरी वीज कडाडते आणि आपल्याकडच्या वावरात ती शीळ होऊन उतरते. 'पिऊ' म्हणेपर्यंत संपते.

इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवून मला हे माहीत नव्हतं. मला ते राठोड मॅडमनी शिकवलं.

जमुना राठोड आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात माझ्याच विषयाच्या. मी विभागात ज्येष्ठ, त्या माझ्या थोरल्या मुलीहून थोड्याशा मोठ्या. बाभुळगावच्या रस्त्याला बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरच्या. त्यांच्या घरच्यांनी पिढ्यानपिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं; वडील दलपतभाऊ शेतकरी; आणि या बाईंनी एका मोडक्या बाजेची चौकट कडेवर उभी करून तिच्याभोवती जळालेल्या मोटारपंपाची तांब्याची तार गुंडाळली होती. तार रिवायंडिंगवाल्याकडून आणलेली. पेटी स्वतः जोडलेली. बाज वावरात, बांधाच्या धुऱ्याजवळ एका खुंटाला बांधून ठेवलेली असे.

त्या वर्षी भारनियमन इतकं होतं, की लाइनचा विषय निघाला की माणूस शिवीनेच वाक्य सुरू करी. मॅडम मात्र लाइन जायची वाट पाहत. विजेच्या तारांची घरघर चालू असली की पेटीत दुसरं काही ऐकूच येत नाही. गावाची लाइन गेलेली, शेतीचीही गेलेली, असा पहाटेचा थोडा वेळ सापडे. "साऱ्या जिल्ह्यात लाइन गेल्यावर खुश होणारी माही एकच पोट्टी हाय, सर," असं दलपतभाऊ मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि असं म्हणताना त्यांना आपल्या पोरीचा किती अभिमान होता ते लपत नव्हतं.

मी मोटारसायकलने जायचो. कानाला मफलर, हँडलवर गारठलेली बोटं. पोचलो की दलपतभाऊ चहाचा पहिला कप मला देत, मग स्वतः घेत. मॅडमची आई, जिला त्या याडी म्हणत, एकदा कौतुकाने वावरात आली. तिच्या कानाला हेडफोन लावला. तिने बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि काढून परत दिला. "एवढी शिकून तू फोडणीच ऐकून राह्यली का वं? मोहरी तं माह्या घरीबी तडतडते." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

चुंबकरेषांवरच्या कणांचं काय होतं हे मला त्यांनीच उलगडून दाखवलं, तेही होळीच्या लेंगीचं उदाहरण देऊन. इलेक्ट्रॉन रेषेभोवती गिरक्या घेत उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुन्हा मागे, असा फिरत असतो. तांड्यावर लेंगी गाताना बाया गोल धरून फिरतात, तशा या गिरक्या. बाहेरून डफाचा ठेका पडतो. ठेका पावलांशी जुळला नाही तर कोणाला काही होत नाही. बरोबर पावलावर पडला, की गोल जोर धरतो. एखादी इतक्या वेगात जाते की आवरत नाही, एखादीचा तोल जातो आणि ती गोलाबाहेर फेकली जाते. लहर आणि कण यांचं तसंच आहे, त्या म्हणाल्या. लहर क्षीण असते. पण तिचा ठेका इलेक्ट्रॉनच्या गिरकीशी जुळला की ती त्याला प्रकाशाच्या वेगाच्या जवळ नेऊ शकते, नाहीतर त्याचा तोल बिघडवून खाली आपल्या हवेत पाडू शकते. आणि पुष्कळदा उलटंही होतं. नाचणाऱ्यांच्या उत्साहाने डफवाल्याला चेव चढतो, तशी कणांकडून ऊर्जा घेऊन लहरच मोठी होत जाते.

मी मान हलवली. आत कुठेतरी खुपलंही. इतकी वर्षं मी फळ्यावर तीच वर्तुळं काढत होतो आणि मला कधी लेंगी आठवली नव्हती.

वावराला झटका मशीनची तार होती. आमच्याकडे रानडुकरांपायी ती लावावीच लागते. खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, बॅटरीवर चालणारी एक पेटी असते, ती तारेत थांबून थांबून झटका सोडते. जनावर मरत नाही, पळतं. लाइन गेली तरी ही चालूच, आणि हेडफोनमध्ये तिची टकटक येई. तारेला गवत टेकलं की तो ठेकाही बिघडे, मग टकटक आणि विजेची तडतड यांत फरक करणं अवघड होई. दलपतभाऊंनी बजावून ठेवलं होतं, की सूर्य निघेपर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नाही. हरभरा नुकता उगवून वर आला होता आणि डुकरं नाल्यात टपूनच असत.

त्या आठवड्यात सूर्यावर वादळ झाल्याची बातमी होती. अशा दिवसांत आपल्या अक्षांशांवरही शीळ उतरण्याची शक्यता वाढते, हे मॅडमनी वाचलेलं. पहाटे धुकं होतं. दोन्ही लाइन बंद होत्या. टकटक मात्र मध्ये मध्ये येत होती आणि मॅडम ओठ चावत होत्या. मी पाय मोकळे करून येतो म्हणालो, खोपडीत गेलो आणि मशीन बंद केली. कोणाला विचारलं नाही.

परत आलो तेव्हा मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कानातली टकटक थांबली होती. त्यांना कळलं होतं. त्यांनी फक्त बोटाने 'थोडंच' अशी खूण केली.

मग त्या ताठ झाल्या. हेडफोन अर्धा काढून त्यांनी एक कान मला दिला. आम्ही दोघं बाजेला टेकून, दवाने भिजलेल्या मातीत उकिडवे बसलो होतो. तडतड, तडतड, आणि मग ती. वरून खाली, स्वच्छ. थोड्या वेळाने आणखी एक. त्या वेळी मॅडमच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. काही सेकंदांचंच, पण शीळ त्यात आली. मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं, आणि त्या पहाटे पहिल्यांदा मला वाटलं की आपण ते ऐकलं.

आम्ही आनंदात तांड्यावर चहाला गेलो. मशीन चालू करायची मला आठवण राहिली नाही.

परत आलो तेव्हा धुकं विरत होतं. धुऱ्यापलीकडून दलपतभाऊ झपाझप येताना दिसले आणि मधलं हरभऱ्याचं वावर नांगरल्यासारखं उकरलेलं दिसलं. मला सगळं कळलं. ते पोचायच्या आत मी खोपडीत शिरलो आणि बटन दाबलं. बाहेर आलो तर मॅडम दारासमोर उभ्या होत्या.

"सर, मशीन चालू होती ना?" दलपतभाऊंनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता. म्हणूनच मला खरं बोलता आलं नसावं.

"चालूच होती," मी म्हणालो.

त्यांनी खोपडीत डोकावून पाहिलं, मशीन चालू होती. मग गवताला दोष दिला, बॅटरीला दिला, शेवटी स्वतःला दिला, की तार खाली लावली होती. मॅडम खाली पाहत उभ्या राहिल्या. माझी लाज त्यांनी राखली. वडिलांसमोर मला खोटं पडू द्यायचं नाही, एवढाच विचार त्यांनी केला असेल. हरभरा पुन्हा पेरावा लागला.

पुढचं लिहायला बसलो की मी नेहमी उठून पाणी प्यायला जातो. आज उठलो नाही.

मॅडमनी ते रेकॉर्डिंग बाहेरगावच्या एका संशोधन संस्थेला पाठवलं. तिथले दोन शास्त्रज्ञ जागा पाहायला आले. शीळ खरी ठरली आणि जागा योग्य वाटली, तर तिथे चांगलं यंत्र बसणार होतं. ते मॅडमच्या देखरेखीखाली राहणार होतं, आणि त्यावर त्यांना पीएच.डी. करता आली असती. तांड्यावरच्या घरासमोर बाजा टाकल्या होत्या. दलपतभाऊ धुतलेला फेटा बांधून माझ्या शेजारी बसले होते. पहिला कप त्यांनी पाहुण्यांआधी मला दिला, सवयीने.

पाहुणे सभ्य होते. त्यांतले मोठे एकेक विचारत गेले. जवळ पंप किती, टॉवर कुठे, आणि तारेच्या कुंपणाची मशीन आहे का. मशीनच्या आतल्या भागातूनही कधीकधी शिट्टीसारखा आवाज निघतो, असं ते म्हणाले. त्या वेळी ती चालू होती की बंद?

"बंद होती," मॅडम म्हणाल्या.

"नाही बाई, चालू होती," दलपतभाऊ भाबडेपणाने म्हणाले. "डुकरं आलती ना त्या दिवशी. सरानंच सांगतलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्हीच बंद केली होती. सांगा ना त्यांना."

मोठे पाहुणे माझ्याकडे वळले. "सर, आप बताइए."

मी कपातल्या चहाकडे पाहिलं. एका बाजूला दलपतभाऊंचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

"चालूच होती," मी म्हणालो.

मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. पाहुण्यांनी आणखी थोडं इकडचं तिकडचं विचारलं. तुमच्या अक्षांशावर अशी शीळ दुर्मीळच असते, इतक्या छोट्या रेकॉर्डिंगवरून सांगता येत नाही, प्रयत्न चालू ठेवा, असं म्हणून ते गेले. यंत्र दुसरीकडे कुठेतरी बसलं.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की एका वाक्याने एवढं कसं होतं. माझं वाक्य फार बारीक होतं. मॅडम म्हणाल्या तशा त्या लहरींसारखंच क्षीण. पण पाहुण्यांच्या मनात शंका आधीपासून गिरक्या घेत होती. तांड्यावरची बाई, मोडकी बाज, जळालेल्या पंपाची तार. त्या शंकेच्या पावलावर माझा ठेका अगदी बरोबर पडला. वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसांसमोर तेच वाक्य वाया गेलं असतं. तिथे त्याने एका माणसाला गोलाबाहेर फेकलं.

आणि का बोललो, तर दलपतभाऊंसमोर खोटा पडायची भीती, हे खरं कारण. पण तेवढंच असतं तर मी ते केव्हाच लिहून टाकलं असतं. 'चालूच होती' म्हणताना मनाच्या तळाशी थोडं बरंही वाटलं होतं. मी आयुष्यभर पुस्तकातून शिकवलं ते हिने बाजेवरून ऐकावं, हे मला सोसत नव्हतं. इतकी वर्षं मी भीतीचं कारण स्वतःला सांगितलं आणि हे दुसरं दडवलं. तेही आता इथे लिहून ठेवतो.

स्टाफरूममध्ये पुढे मॅडमची थट्टा चालूच राहिली. "मॅडम, आज डुकराईचं स्टेशन लागलं का?" असं आमचे गणिताचे सर विचारत आणि बाकीचे हसत. मीही हसलो. एकदा नव्हे. मॅडम पेपर तपासत राहायच्या. त्याच होळीला दलपतभाऊंनी माझ्या घरी हरभऱ्याच्या घाट्यांची पेंडी पाठवली, पुन्हा पेरलेल्या वावरातली. बायकोने ते भाजले. मी खाल्ले.

मग मॅडम घाटंजीकडे गेल्या, तिथल्या कॉलेजात जागा निघाली म्हणून. जायच्या आधी बाजेची तार सोडून त्यांनी ती रिवायंडिंगवाल्याला परत दिली, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी काही विचारलं नव्हतं. त्याने आपलं सहज सांगितलं.

दलपतभाऊ आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. गेलो होतो मी त्यांच्या शेवटच्या दुखण्यात. त्यांनी उशाकडे हात करून बसायला सांगितलं आणि माझ्यासाठी चहा ठेवायला लावला. मी चहा पिऊन परत आलो.

यंदा दिवाळीला धाकटी मुलगी आली होती. तिने मोबाइलवर मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. दूर उत्तरेकडे पहाटे टिपलेल्या लहरी, हजारो पाखरं एकदम किलबिलावीत तशा. सूर्यावर वादळ झालं की या लहरी इलेक्ट्रॉनांना भयंकर वेग देतात, त्यांनी उपग्रह बिघडतात, आणि मध्यंतरी लडाखच्या आकाशात लाल उजेड दिसला होता तो अशाच वादळातला, असं सगळं ती सांगत होती. तिला वाटलं बाबांना हे नवीन असेल. मी ऐकून घेतलं. ती विचारत होती, की असलं काही आपल्याकडे ऐकू येईल का. मी म्हणालो, आलेलं आहे. ऐकणारी बाई घाटंजीला राहते. मुलगी पुढे विचारत राहिली आणि त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा बाहेर पडलं. तिने मोबाइल बाजूला ठेवला. मग एवढंच म्हणाली, "बाबा, हे मला सांगून काय उपयोग?"

बरोबर बोलली ती. म्हणून हे छापायला देतो आहे. त्या पहाटे मशीन बंद होती. ती मी बंद केली. हरभऱ्याचं नुकसान माझ्यामुळे झालं. वावरात उतरलेली शीळ खरी होती, ती मी माझ्या कानांनी ऐकली. आणि पाहुण्यांना मी जे सांगितलं ते खोटं होतं, हे मला सांगतानाच ठाऊक होतं. राठोड मॅडम एक शब्दही चुकीचा बोलल्या नव्हत्या. कॉलेजातले जे हसले त्यांतले काही अजून आहेत. त्यांनी हे वाचावं.

पण मॅडमना समोर उभं राहून सांगणं वेगळं. तेही ठरवलं होतं मी. दिवाळीनंतर यवतमाळच्या बसस्थानकावर त्या अचानक भेटल्या. केस पांढरे झालेले, खांद्याला पिशवी. त्यांनीच आधी ओळखलं, "सर" म्हणून हाक मारली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मुली कुठे असतात ते विचारलं. मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पहाटे उठता का सर अजून?"

"उठतो," मी म्हणालो. "सवय आहे."

"मीबी उठतो," त्या म्हणाल्या आणि रस्त्याकडे पाहू लागल्या.

मला जे बोलायचं होतं ते तोंडपाठ होतं. घरून निघताना, आंघोळ करताना, कितीदा म्हणून पाहिलं होतं. मॅडम, मशीन बंद होती. मीच बंद केली होती. तुम्ही माझी लाज राखली आणि मी तुमची राखली नाही. मला माफ करा. एवढीच वाक्यं. मी घसा खाकरला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तसंच, त्या दिवशी पाहुण्यांसमोर बाजेवर बसून पाहिलं होतं तसं, उत्तराची वाट पाहत.

"तुमची बस लागली वाटते," मी म्हणालो.